मोटर चाखणारे सुभेदारकाका

दिल्लीत मुनिरक्यात आमची एकच खोली होती. तिला खिडकी होती, पण खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्या इमारतीची भिंत लागायची. त्या भिंतीत खिळा ठोकून आई त्यावर झारा टांगायची. शेजाऱ्याला ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाबा फौजेत सॅपर होते. नदीवर पूल टाकताना त्यांचा पाय लोखंडी तराफ्याखाली सापडला आणि मुदत भरायच्या आत घरी यावं लागलं. पेन्शन तुटपुंजी. मग बाबा बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायचे आणि आई आसपासच्या मराठी मुलांचे डबे करायची. ती मुलं मोठमोठ्या परीक्षा द्यायला दिल्लीत आलेली. त्यातली काही साहेब झाली, काही नुसती डबे खाऊन गावी परतली. मी गॅसच्या टाकीवर पाट ठेवून अभ्यास करायची. टाकी बदलायला माणूस आला की माझं टेबल खांद्यावर घेऊन जायचा.

त्या टेबलावर अभ्यास करून मी इंजिनिअर झाले. आईकडच्या आणि बाबांकडच्या दोन्ही घराण्यांतली पहिली पदवीधर. हे मी लोकांना न विचारता सांगते, कारण ते विचारतील म्हणून वाट बघत बसले तर कुणाला कळायचंच नाही.

पदवी हातात यायच्या आधीच बाबा गेले. त्यांच्या दिवसांना युनिटमधला म्हणून एकच माणूस आला. उंच, काठीसारखा ताठ, मिशा अशा की आधी मिशा खोलीत आल्या आणि मग माणूस. ते सुभेदार घाडगे. मूळचे साताऱ्याकडच्या माण तालुक्यातले, नुकतेच निवृत्त होऊन मयूर विहारला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलेले. आईने पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, पाणी या गालातून त्या गालात फिरवलं आणि म्हणाले, "वहिनी, टँकरचं पाणी घेता काय?"

"हो."

"त्यात बोअरचं मिसळतोय तो. खारं हाय. पिण्याचं एक वेळ जाऊ द्या, पण तुमच्या कुकरचा तळ जाईल."

नवरा जाऊन चार दिवस झालेल्या बाईला हा माणूस कुकरचं सांगत होता. आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग खुदकन हसली. त्या दिवसांत ती एवढंच हसली. मला वाटतं, पुढे मी त्यांचं जे जे ऐकून घेतलं, ते त्या हसण्याच्या बदल्यात.

त्यानंतर काही वर्षं मी नोएडात एका सर्व्हेच्या कंपनीत नोकरी केली. आमचं काम म्हणजे नद्या, कालवे, धरणं यांच्या तळाचे नकाशे काढणं. बोटीत एक यंत्र असतं, ते खाली आवाज सोडतं, तळाला आपटून आवाज परत येतो, त्यावरून खोली कळते. काम हातात बसल्यावर मी नोकरी सोडली आणि स्वतःची कंपनी काढली. कंपनी म्हणजे काय, नोएडातल्या एका सेक्टरच्या मागे पत्र्याची शेड, एक जुनी ॲल्युमिनियमची बोट, तिच्या मागे लावायची एक मोटर, आणि पाटीवर माझं नाव. पाटी मात्र नवी होती. बोट सांभाळायला माणूस हवा होता. सुभेदारकाकांचं सगळं आयुष्य फौजेच्या बोटी आणि मोटरी सांभाळण्यात गेलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "पगार काय देशील ते दे. पण मोटरीला हात लावायचा तो मी. तू पदवीधर असशील, पण मोटरीला पदवी दाखवून ती चालू होत नाही."

"आणि नकाशाला हात लावायचा तो मी," मी म्हटलं.

"बिल्कुल," ते म्हणाले. "नकाशातलं मला एवढंच कळतं की निळं म्हणजे पाणी."

लोकांसमोर ते मला 'मॅडमसाहेब' म्हणायचे, तेही टाच जुळवून. लोक गेले की 'पोरी'. शेडचा दरवाजा हीच त्यांची सीमारेषा होती.

त्यांची सवय मला पहिल्याच आठवड्यात दिसली. बोट धुऊन झाली की ते मोटरीवरून हाताचं बोट फिरवायचे आणि ते बोट जिभेला लावायचे. कधीकधी तेवढ्यानं समाधान व्हायचं नाही, मग इकडेतिकडे बघून सरळ मोटरच चाटायचे. मग डोळे मिटून थोडा वेळ शांत. एखादा गवई तंबोऱ्याला कान लावतो ना, तसा चेहरा. मग निकाल लागायचा. "साफ." किंवा, "पुन्हा धुवा."

"काका, आपण यमुनेत होतो. गोडं पाणी आहे. यात मीठ कुठून येणार?"

"मीठ सुट्टी घेत नाही, पोरी," ते म्हणायचे. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "माणूस झोपतो, गंज झोपत नाही, आणि मीठ सुट्टी घेत नाही." यमुनेचं पाणी मात्र त्यांनी कधी चाखलं नाही. "इतका शूर मी नाय," असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

मिठाशी त्यांचं हे वैर जुनं होतं. तरुणपणी त्यांच्या तुकडीला किनाऱ्यावर वादळाच्या मदतीला पाठवलं होतं. नदीवर चालणाऱ्या मोटरी तशाच खाडीत घातल्या, काम झालं, सगळ्यांचं कौतुक झालं, आणि मोटरी आतून गोड्या पाण्यानं धुवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढच्या पाहणीला मोटरींची दोरी ओढली तर एकही हलेना. आतलं मीठ धरून बसलं होतं. मोटरी काकांच्या ताब्यात होत्या, म्हणून त्यांची रजा रद्द झाली. ती रजा लग्नाची होती.

"मंडपाला सांगून ठेवलेलं," काकू मला हा प्रसंग दर भेटीत नव्यानं सांगायच्या. "वाजंत्रीवाले सांगितलेले. आणि निरोप काय आला? नवरदेवाच्या मोटरीत मीठ गेलंय, लग्न पुढच्या वर्षी. आमच्या गावात आजपर्यंत मला 'मीठवाली' म्हणतात."

त्यात भर म्हणून काकांना रक्तदाब निघाला आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. "आधी लग्न लांबवलं, आता जेवण बेचव केलं," काका मिठाबद्दल असं बोलायचे की जणू तो नात्यातलाच कुणी वाईट माणूस. काकूंचा संशय वेगळाच होता. "तुला सांगते, हे मोटर तपासत नाहीत. घरी मीठ मिळत नाही म्हणून तिथं जाऊन चाटतात."

"अगं, मोटरीवर मीठ सापडलं तर मी धुऊन टाकतो!"

"आधी चाटता, मग धुता."



दिल्लीत बोट घेऊन फिरणं हा एक वेगळाच उद्योग आहे. ट्रेलरवर बोट, पुढे आमची जुनी जीप, आणि आम्ही उड्डाणपुलावर गाड्यांच्या रांगेत. शेजारच्या टॅक्सीतून लोक फोटो काढायचे. एकदा चौकात हवालदारानं थांबवून विचारलं, "मैडम, यहाँ समंदर किधर है?" मी काही बोलायच्या आत काका खाली उतरले. "समंदर नहीं चाहिए जनाब. समंदर हमारा दुश्मन है." हवालदारानं त्यांच्या मिशांकडे बघितलं, सलाम ठोकला आणि आम्हाला सोडलं. काका जीपमध्ये बसत म्हणाले, "बघ. कागद मागितला नाय त्यानं."

आणि मग त्याच दुश्मनाकडून बोलावणं आलं. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी खासगी बंदर व्हायचं होतं. खाडीच्या तळाचा नकाशा हवा होता. माझ्या कंपनीच्या नावानं आलेलं ते पहिलं मोठं काम. अट अशी की सुरुवातीला काही दिवस चाचणी म्हणून काम करायचं. मग त्यांचा मुख्य अभियंता येऊन आमची बोट, मोटर आणि तोवर केलेलं काम बघणार. पसंत पडलं तर पूर्ण खाडी आमची. नाही पडलं तर दुसऱ्या कंपनीची. दुसरी कंपनी म्हणजे माझी जुनी कंपनी. तिथल्या साहेबांनी मला निरोप दिला होता तो असा, "तुमची खुर्ची आम्ही हलवत नाही, लवकरच परत याल." ती खुर्ची माझ्या डोळ्यांपुढे सारखी यायची. आमच्याकडे एकच बोट होती आणि एकच मोटर. खाडीनं मोटर खाल्ली असती तर मी त्या खुर्चीत.

काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मिशीला पीळ देत बसले. "पोरी, ही गोड्या पाण्यातली मोटर हाय. तिला तू खाऱ्यात नेतेस."

"न्यायलाच हवी."

"मग माझ्या पद्धतीनं नेऊ. जेवणाचं विसरलीस तर चालेल, धुण्याचं नाय."

त्यांनी तयारी सुरू केली. मोटरीच्या आत ग्रीस, वर गंज धरू न देणारा फवारा, प्रत्येक नट काढून पुन्हा बसवलेला. मोटर ज्या जाळ्यांतून पाणी ओढते त्यांवर रबरी कप बसवायचे, कपांना नळी जोडायची आणि मोटर चालू ठेवून गोडं पाणी आतून खेळवायचं, याची रोज कवायत. आमच्या शेडमध्ये दोन नळ होते. एकाला बोअरचं पाणी, दुसऱ्याला थोडा वेळ गंगेचं, ज्याला नोएडात सगळे गंगाजलच म्हणतात. काकांनी दोन्ही चाखलं आणि बोअरच्या नळाला चिंधी बांधून टाकली. माणसं बोअरचं वापरायची, मोटरीला गंगाजल. समोरच्या दुकानातली बाई एकदा येऊन बघून गेली. "अंकलजी, गंगाजल से मोटर नहला रहे हो?"

"बेटा, तीरथ पे जा रही है," काका म्हणाले.

एक गोष्ट मी माझ्या डिग्रीच्या बळावर केली. अशा मोटरीच्या पायाशी धातूचा एक तुकडा बसवलेला असतो. पाण्यात ॲल्युमिनियम झिजायला लागतं, तर त्याच्या आधी या तुकड्यानं झिजायचं, म्हणजे मोटर वाचते. गोड्या पाण्यासाठी तो मॅग्नेशियमचा असतो. खाऱ्या पाण्यात तो भराभर संपतो, तिथं जस्ताचा लागतो. मी दुकानातून जस्ताचे तुकडे आणले, काकांना कारण सांगितलं आणि मोटरीला आणि बोटीच्या पाठीला स्वतः बसवले. काकांनी मान डोलावली. त्यांची मान डोलावण्याची पद्धत अशी की समजलं आहे की नाही हे फक्त मिशांना माहीत.

निघायच्या आदल्या दिवशी मी बंदराच्या लोकांशी बोलायला दिवसभर त्यांच्या ऑफिसात होते. इकडे शेडमध्ये काकांना एक शब्द आठवला. पाहणी. अभियंता येऊन पाहणी करणार! फौजेत पाहणी म्हटली की काय होतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. मी लहानपणी बाबांबरोबर छावणीत पाहिलंय. साहेब येणार म्हणून झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो, रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागतो, बादल्यांना रंग लागतो. एकदा तर कोळशाच्या ढिगाला कडेनं चुना मारलेला मी पाहिला आहे. काकांच्या हाताला अशा वेळी आपोआप ब्रश फुटायचा.

संध्याकाळी मी परत आले तर बोट हिरवीगार. मोटर हिरवीगार. पेट्रोलचा डबा हिरवा, वल्ही हिरवी, ट्रेलरची चाकं मधोमध हिरवी. काका कानामागे ब्रश लावून उभे होते आणि त्यांच्या मिशीचं एक टोकही हिरवं झालं होतं.

"कशी दिसते?"

"रणगाड्यासारखी," मी म्हटलं.

हे त्यांना कौतुकच वाटलं.

खाडीवर पोचल्यावर पहिले काही दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. काठावर एका वाडीत विहीर होती. काकांनी तिचं पाणी चाखलं आणि डोळे उघडायलाच तयार होईनात. "अमृत," म्हणाले. "नोएडाला पाइप टाकता येईल काय?" त्या विहिरीचं पाणी मोठ्या पिंपात भरायचं, काम संपलं की मोटर काढून पिंपात उभी करायची, चालू करायची, आतून गरम पाण्याची धार बाहेर येईपर्यंत चालवायची, बाहेरून धुवायची, पुसायची आणि मग चाखायची. वाडीतली मंडळी ओट्यावर बसून हा कार्यक्रम बघायची. एक म्हातारे रोज विचारायचे, "काय हो सुभेदार, आज कशी झालीय?" आणि काका गंभीरपणे सांगायचे, "आळणी." म्हातारे म्हणायचे, "उत्तम!"

मग एका सकाळी काका माझ्याकडे आले ते टाच न जुळवता. वाडीतले चार लोक उभे असूनही म्हणाले, "पोरी, जरा इकडं ये."

बोटीला मोटर अडकवायचा जो कंस, म्हणजे ब्रॅकेट, असतो तो रात्रंदिवस बोटीवरच राहायचा आणि भरतीला पाण्यात बुडायचा. त्याच्या कडेला हिरव्या रंगाला फोड आले होते. काकांनी नखानं एक फोड उचलला. खाली पांढरी भुकटी. मोटरीच्या पायाशीही तसंच. कुणीतरी आतून ॲल्युमिनियम कुरतडायला बसलं होतं.

"मीठ?" मी विचारलं.

"तेच तर," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी चाखली. पांढरी हाय, आणि खारट नाय."

मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. पूर आलेल्या नदीत हा माणूस एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं तंबाखू मळायचा. पण तेव्हा ते पिंपाच्या काठावर बसले आणि हळूच म्हणाले, "माझी जीभ गेली असणार. वयानं जाते म्हणतात. रोज मीठ राहत असणार आणि मी साफ म्हणत असणार. पुन्हा तेच झालं बघ. तेव्हा माझं लग्न गेलं, आता तुझं काम जातंय."

मी लगेच पेले मांडले. एकात विहिरीचं पाणी, एकात खाडीचं, बाकीच्यांत दोन्हींचं कमीजास्त मिश्रण. काकांनी पाठ फिरवली, मी पेल्यांची जागा बदलली. त्यांनी एकेक घोट घेऊन सगळे बरोबर क्रमानं लावून दिले. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तरी काकांचा विश्वास बसेना. म्हणून मी काकूंना फोन लावला.

"जिभेला काय धाड भरलीय त्यांच्या?" काकू पलीकडून म्हणाल्या. "परवा फोनवर सांगत होते, इथलं माशाचं कालवण काय फक्कड असतं म्हणून. मीठ नसलेल्या कालवणाला हा माणूस फक्कड म्हणेल? दे त्यांना फोन."

काकांनी खाडीकडे बघत, फोन कानापासून लांब धरून, ते सगळं ऐकून घेतलं. पण चेहऱ्यावर रंग थोडा परत आला. जीभ शाबूत होती. गुन्हा मात्र तसाच होता.

अभियंता दुसऱ्या दिवशी यायचा होता. मी ओहोटीच्या चिखलात ताडपत्री टाकली आणि उताणी पडून बोटीखाली सरकले. डिग्री घेताना हे कुणी सांगत नाही की पुढे चिखलात उताणं पडायचंय. मीठ नाही, तरी धातू झिजतोय. मग त्याच्याऐवजी ज्यानं झिजायचं तो काय करतोय?

"काका, जस्ताचा तुकडा कसा आहे?"

"तो ना? एक नंबर!" काका वरून म्हणाले. आवाजात अभिमान होता. "सगळी मोटर खराब झाली, पण त्याला ओरखडा नाय. मी त्याला दोन हात जास्त दिले होते."

"कसले हात?"

"रंगाचे."

मग काकांचं डोकं उलटं होऊन बोटीच्या कडेवरून खाली आलं, मिशा लोंबकळत होत्या.

"पोरी," ते म्हणाले. "त्याला पाणी लागलं तरच तो झिजणार ना?"

"हो."

"आणि तो झिजला तरच मोटर वाचणार."

"हो."

"आणि मी त्याला रेनकोट घातला."

मला हसू आवरेना. चिखलात पडून मी इतकी हसले की ताडपत्री घसरली आणि मी अर्धी खाडीत गेले. काका हसले नाहीत. ते पटाशी आणि काचकागद घेऊन खाली उतरले आणि जस्ताचा रंग खरवडू लागले. खरवडता खरवडता पुटपुटत होते, "साहेबांना दाखवायला रंगवलं. साहेब काय मोटर खाणार होता? खाणारा दुसराच होता." दुपारपर्यंत बोटीखालचे सगळे तुकडे उघडे झाले. मोटरीवरचे फोडही आम्ही घासून काढले. झीज वरवरची होती, वेळेत सापडली होती. तिथं नवा हात दिला, आणि या वेळी मी शेजारी उभी राहून ब्रश कुठे जातो ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी काकांची खरी परीक्षा होती. सगळी बोट हिरवीगार, आणि त्यात ते जस्ताचे खरवडलेले, डागाळलेले, ओबडधोबड तुकडे. एखाद्या नवरीनं शालूवर फाटकी चप्पल घालावी तसं. पाहणीच्या दिवशी असं काहीतरी डोळ्यांसमोर ठेवून उभं राहणं म्हणजे काकांना पायात खडा घेऊन संचलन करण्यासारखं होतं. अभियंत्याची गाडी दिसेपर्यंत त्यांनी मला तीनदा विचारलं, "निदान कडेनं एक रेघ?"

"नाही."

अभियंता म्हणजे अगदी कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी नकाशा बघितला, मान हलवली. मोटर चालू करायला लावली, ऐकली. मग ते वाकले, गुडघ्यावर बसले आणि नेमके त्या खरवडलेल्या तुकड्यापाशी डोळे नेले. काका ताठ उभे, नजर क्षितिजावर.

"हे रंगवलं नाहीत तुम्ही," अभियंता म्हणाले. "फार चांगलं केलंत. नदीवरून येणारी बहुतेक मंडळी नेमकं हेच रंगवून आणतात."

मी 'हो' म्हणून गप्प बसणार होते. काकांच्या टाचा जुळल्या.

"रंगवलं होतं, श्रीमान," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "मी रंगवलं होतं. दोन हात जास्त. मॅडमसाहेबांनी चूक पकडली आणि कालच खरवडायला लावलं."

अभियंत्यांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कंसावरचे हे नवे डाग त्याचेच?"

"त्याचेच, श्रीमान."

ते उठले, गुडघा झटकला. "बरं झालं सांगितलंत. मी तेच विचारणार होतो." आणि मला म्हणाले, "खाडी तुमची. पावसाच्या आत पूर्ण करा."

ते गेल्यावर मी काकांवर ओरडले. "सांगायची काय गरज होती? काम गेलं असतं तर?"

"पाहणीत खोटं बोलायचं नसतं," ते म्हणाले. "रंग लावायचा असतो, खोटं बोलायचं नसतं. फौजेत दोन्ही वेगळं हाय."

नोएडाला परतल्यावर काकूंनी मला आणि आईला मयूर विहारला जेवायला बोलावलं. जस्ताची गोष्ट मी रंगवून सांगितली. काकू पोळी लाटता लाटता थांबल्या.

"म्हणजे दुसऱ्यासाठी झिजायचं, आणि कुणी बघायचं नाही, असा एक तुकडा असतो म्हण की. आमच्या घरात तो मीच. पण मला बरं यांनी कधी रंग लावला नाही!"

आई पदरात तोंड घालून हसली. काका ताटात बघत बसले. दुसऱ्याच दिवशी ते लाजपतनगरला जाऊन काकूंना साडी घेऊन आले. हिरवी. तीच, फौजी हिरवी. काकूंनी ती नेसून आम्हाला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "पाहणीसाठी तयार."

खाडीचा तो हंगाम संपल्यावर काकांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, आणि काकांनी गुडघ्यांचा मान राखला. माणात भावाचं घर होतं, तिकडे जायचं ठरलं. निजामुद्दीन स्टेशनवर मी आणि आई सोडायला गेलो. काकूंनी प्रवासात खायला आळणी दशम्या घेतल्या होत्या. काका खिडकीशी न बसता फलाटावरच उभे होते, आणि गाडी सुटेपर्यंत मला मोटरीबद्दल सूचना देत होते. नवा माणूस कसा आहे, पिंप कोणतं वापरतो, धार गरम येईपर्यंत थांबतो का.

"आणि चाखतो काय?"

"नाही हो काका. तो यंत्रानं मोजतो."

त्यांनी विचार केला. "चालेल," म्हणाले. "पण यंत्राला बायको नसते. लक्ष ठेवणारं कुणी हवं."

गाडी हलली. ते चढले, दारात वळले, आणि भोवती शंभर माणसं असताना, टाच न जुळवता, मोठ्यानं म्हणाले, "येतो गं पोरी."

खाडीचा नकाशा आम्ही पावसाच्या आत पूर्ण करून दिला होता. तो मान्य झाला. त्यानंतर कंपनीनं खाऱ्या पाण्यातली आणखी कामं घेतली, आणि ती सगळी त्याच बोटीनं आणि त्याच मोटरीनं केली.